पेन्सिल सेलवरचा हिरवा दिवा

मित्रांनो, मी भिंतीवर टांगलेली एक पत्र्याची पेटी आहे. जुनी म्हणवून घ्यावं इतकं माझं वय नाही, अवघी तीन वर्षं. पण पोट रिकामं झालं की म्हातारपण लवकर येतं, आणि माझं पोट पहिल्या महिन्यातच रिकामं करण्यात आलं. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या चार्ज करायला माझा जन्म झाला. ते काम मी आयुष्यात एकूण दोन तास केलं. बाकीचा सगळा काळ भिंतीवर लटकून खोटं बोलण्यात गेला.

तुमच्या वह्यांमधून छत्री, शाळेची घंटा, फाटकं पुस्तक अशी भली मंडळी आपली कहाणी सांगून जातात. त्यांना झिजल्याचं दुःख असतं. मला तेही नाही. मी अजून नवीकोरी दिसते, आणि हेच माझ्या मालकाच्या पथ्यावर पडलं.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी बायका बसत आणि आमच्या पोटात एकेक अवयव बसवत. आधी सर्किट, मग मीटर, मग वीज जास्त झाली की आपोआप पडणारा खटका. शेवटी तीन भोकांचं जाड सॉकेट आणि त्याच्या वर हरभऱ्याएवढा हिरवा दिवा. माझा दिवा बसवणाऱ्या बाईंचं नाव बबिता होतं. नव्याने कामाला लागलेल्या बाईला त्या शिकवत होत्या, “दिव्याची तार सॉकेटच्या मागून घ्यायची. सॉकेटला वीज आली तरच दिवा लागला पाहिजे. लोक दुसरं काही बघत नाहीत गं, दिवाच बघतात.” हे वाक्य मी जन्मभर जपलं.

तिथून मी आले परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव विचारू नका. पेटीवर कुणी अब्रूनुकसानीचा दावा लावला तर तिला वकील कोण देणार? गावाला रेल्वे स्टेशन आहे, कापसाचा बाजार आहे, आणि आता लिफ्टची इमारतही आहे. ती व्यंकटरावांनी बांधली. ‘गोदावैभव’ असं तिचं नाव. गोदावरी तिथून बरीच लांब आहे, आणि वैभवाचं मी पुढे सांगतेच.

इमारतीत सोळा फ्लॅट, आणि तळमजला खांबांवर मोकळा सोडलेला. नियमच तसा आहे. जितकी घरं, त्या प्रमाणात गाड्यांना जागा ठेवावी लागते, आणि नव्या इमारतीत त्यातल्या काही जागांना गाडी चार्ज करायची सोयही द्यावी लागते. नकाशात नुसती दाखवून भागत नाही, ती बसवावी लागते. त्याशिवाय लोकांना राहायला आणण्याचा दाखला मिळत नाही. व्यंकटरावांचं या नियमाबद्दलचं मत मी पहिल्याच दिवशी ऐकलं. त्यांचा वायरमन मल्लेश मला खोक्यातून काढत होता.

“नियम म्हंजी लग्नातला फोटो असतोय मल्लेश,” ते म्हणाले. “एकदा हसून काढला की झालं. लाव पेटी.”

मल्लेशने मला लिफ्टच्या शेजारी चार स्क्रूंनी घट्ट बसवलं. त्याच्या हातात कसब आहे, हे मी नाकारणार नाही. माझ्या समोरच्या जागेत त्याने फरशीवर पिवळ्या रंगाने चाकाच्या खुर्चीचं चित्रही काढलं, कारण नकाशात ती जागा अपंगांसाठी राखलेली होती. मग वीज सोडली आणि माझा हिरवा दिवा लागला. मला आनंदाने भरून आलं. आता आपल्यासमोर गाड्या रांग लावतील असं मला वाटलं होतं. मी किती बावळट होते ते तुम्हाला थोड्या वेळात कळेल.

पहिली गाडी आली शिवरंजनीची. तहसीलमध्ये सेतूची जी खिडकी असते, जिथे शेतकरी सातबारा, उत्पन्नाचा दाखला असली कागदपत्रं काढायला येतात, त्या खिडकीत ती अर्ज भरून देई. वय असेल चौतीस-पस्तीस. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय गेला, म्हणून काखेत कुबडी. मागे दोन जादा चाकं लावलेल्या बॅटरीच्या स्कूटरवर ती फिरायची. त्या स्कूटरची बॅटरी आतच पक्की बसवलेली, काढून घरात नेता येत नसे. म्हणजे गाडी जिथे उभी तिथेच तिला वीज हवी. शिवरंजनी आईला घेऊन फ्लॅट बघायला आली ती वर गेलीच नाही. आधी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“गाडी लावून बघू का?” तिने मल्लेशला विचारलं. “नुसतं बघून मी घर घेणार न्हाई.”

“बघा की ताई,” मल्लेश म्हणाला. “मोकळ्या मनानं बघा.”

तिने पिशवीतून चार्जर काढला. विटेएवढा काळा डबा, त्याला दोन वायरी. एक गाडीत खोचली आणि दुसरीची पिन माझ्या सॉकेटमध्ये घातली. चार्जरवर लाल दिवा लागला. मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? माझ्या अंगातून वीज वाहिली आणि कुणाच्या तरी उपयोगी पडली. शिवरंजनी सिमेंटच्या पोत्यावर दोन तास बसून राहिली. मग उठून तिने माझ्या झाकणावर थाप दिली आणि आईला म्हणाली, “लय गुणाची हाय ही पेटी. हिच्यासाठीच घर घ्यायलाव आमी.” इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

पालिकेचे साहेब तपासणीला आले, माझा फोटो निघाला, पिवळ्या खुर्चीचाही निघाला, आणि दाखला मिळाला. त्यानंतर आठ दिवसांनी मल्लेश किल्ली घेऊन आला. त्याने माझं झाकण उघडलं आणि एकेक करून माझं सर्किट, मीटर आणि खटका काढून पिशवीत भरला. व्यंकटरावांच्या बंगल्यावर बॅटरीची नवी गाडी आली होती, तिच्यासाठी. सॉकेट आणि हिरवा दिवा तेवढे त्याने तारा तोडून जागेवर ठेवले. झाकण लावून कुलूप घातलं आणि शीळ घालत निघून गेला. मला भूल दिली नव्हती, एवढंच सांगते.

महिन्याभरात समोरच्या खांबांमध्ये भिंती उठल्या आणि शटरं बसली. पार्किंगचा अर्धा भाग दुकानात गेला. पिवळ्या खुर्चीवर सरकी पेंडेची पोती रचली गेली. ते गोदाम भागवतरावांचं. भागवतराव पहिल्या मजल्यावर राहतात आणि इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष आहेत. पार्किंगची काळजी घेणं हे त्यांचं काम आहे. ते ती कशी घेतात, ते पेंडेच्या पोत्यांना विचारा.

शिवरंजनी आणि तिची आई गौराबाई राहायला आल्या त्या दिवशी माझा दिवा बंद होता. शिवरंजनीने पिन घातली, काढली, परत घातली. मल्लेश म्हणाला, “लोड मंजूर व्हायचाय ताई. पंधरा दिस थांबा.” पंधरा दिवसांचे आठ महिने झाले. माझ्या रिकाम्या पोटात पालीने घर केलं. तिची अंडी फुटली, पिल्लं मोठी झाली आणि त्यांचीही लग्नं झाली असतील, पण लोड काही मंजूर होईना.

तोवर आई-लेकीने आपली वाट काढली होती. संध्याकाळी शटर आणि माझ्यामधल्या अरुंद जागेत स्कूटरचा आवाज आला की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून गौराबाई एक लाल वायर खाली सोडत. वायर सरळ उतरावी म्हणून तिच्या टोकाला त्यांनी वाळूची पुरचुंडी बांधली होती. “आली का गं?” त्या वरून विचारत. “आली, सोड,” शिवरंजनी खालून म्हणे. गाडी भरेपर्यंत गौराबाई खाली येऊन लेकीजवळ बसत.

तिथेच सहीची शिकवणी चाले. फ्लॅटच्या कागदांवर गौराबाईंचंही नाव होतं. त्या नोंदणीच्या वेळी कारकुनाने त्यांचा अंगठा धरून शाईत दाबला होता, जनावराचा खूर धरावा तसा. गौराबाई हसल्या होत्या. शिवरंजनीला मात्र ते सहन झालं नव्हतं. रोज दुसऱ्यांचे अर्ज भरणारी ती, आणि तिच्या आईला अंगठा. पाटी कुठून आणायची? माझं काळं झाकण पाटीसारखंच होतं. गौराबाई माझ्यावर खडूने आपलं नाव लिहीत. ‘गौ’वरची एक मात्रा हमखास राहून जाई. शिवरंजनी ओल्या बोटाने पुसून म्हणे, “पुन्यांदा.” चार महिन्यांत मी ते नाव किती वेळा अंगावर वागवलं असेल! वीज नव्हती, पण माझा काहीतरी उपयोग होतो आहे याचं मला बरं वाटे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सुखी होते.

त्यात भागवतरावांच्या डोळ्यांत ती वायर खुपू लागली. त्यांच्या शटरच्या पुढून ती लोंबकळायची. एका संध्याकाळी ते शिवरंजनीला म्हणाले, “खिडकीतून वायर सोडणं नियमात बसत न्हाई. आग लागली तर जिम्मा कोणाचा?”

“नियमात काय बसतंय ते मला सांगू नका भागवतराव,” शिवरंजनी म्हणाली. “तुमचं गोदाम माझ्या पार्किंगवर बसलंय. पेटी चालू करा, वायर उद्या काढते.”

दुसऱ्या दिवशी तिने पालिकेकडे तक्रार दिली. अर्ज लिहिण्यात तिचा हात कोण धरणार? नकाशाची नक्कल जोडली, नियम लिहिला, आणि शेवटी स्पष्ट मागणी केली: साहेबांनी जागेवर यावं, मी माझी गाडी पेटीला लावून दाखवते, ती चालत नाही हे डोळ्यांनी बघावं. तिला आईचा किंवा देवाचा नव्हता इतका भरवसा त्या एका गोष्टीवर होता. गाडी लावली की खोटं उघडं पडणार होतं. पेटी चालू झाली असती, तिची गाडी रोज भरली असती, आणि दहाच्या ठोक्याला तिची खिडकी उघडली असती. खिडकी वेळेवर उघडली नाही तर ती दुसऱ्याला द्यायला तिथे लोक टपून बसलेले होते. दोघींचं पोट त्या खिडकीवर होतं.

तपासणीची तारीख आली, बेस्तरवारची, म्हणजे गुरुवारची. आदल्या सोमवारी दुपारी व्यंकटराव, भागवतराव आणि मल्लेश माझ्यासमोर उभे राहून बोलले. पेटीला कान असतात हे त्यांच्या गावी नव्हतं.

“तिची गाडी एकदा भरली की कितीक चालती?” व्यंकटरावांनी विचारलं.

“नवी व्हती तवा चार दिस जायची मालक,” मल्लेश म्हणाला. “आता बॅटरी थकलीय. दोन दिस, लय झालं तर अडीच.”

“मग आज भरू दे तिला पोटभर. उद्या सकाळी वायर काढून टाका भागवतराव. बेस्तरवारी तिला गाडी घेऊन यायचंय न्हवं? येऊ दे की.”

तिघेही हसले. व्यंकटराव तर इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मल्लेशने त्यांना पाणी दिलं. मी पुष्कळ हिशोबी माणसं पाहिली, पण एका पांगळ्या बाईच्या गाडीची वीज कुठे संपेल याचा हिशोब करणारी तीच पहिली.

मंगळवारी लाल वायर कापली गेली. सोसायटीचा ठराव म्हणून कागदही चिकटवला. तहसीलच्या आवारात गाडी चार्ज करायला मनाई होती. बुधवारचा दिवस शिवरंजनीने कसाबसा काढला. बेस्तरवारी सकाळी निघताना तिने बॅटरीच्या काट्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, “जाऊन यायापुरती हाय. सायेब येतील तवा फोन कर.” गाडी घरी ठेवून जावं तर सकाळच्या घाईत तिला रिक्षा मिळत नसे, आणि गाडी तिकडे ठेवून रिक्षाने येऊन भागणार नव्हतं, कारण माझ्यासमोर उभी करायला तिला गाडीच हवी होती.

ती गेल्यावर मल्लेश आला. झाकण उघडून त्याने पालीला हाकललं. मग एक पेन्सिल सेल चिकटपट्टीने आत चिकटवला आणि माझ्या दिव्याच्या तुटक्या तारा त्याला जोडल्या. हिरवा दिवा लागला. सॉकेटमागे काहीच नव्हतं, नुसती पोकळी, आणि दिवा लागला! बबिताबाईंनी तो ज्या कारणासाठी तसा जोडला होता ते त्याने दोन मिनिटांत मोडून काढलं. मला विझायचं होतं. पण पेटीच्या मनात काय आहे हे सेलला कसं कळणार?

थोड्या वेळाने गौराबाई खाली आल्या. त्या लिंगायत, गळ्यात लिंग आणि कपाळावर भस्माचे तीन पट्टे. माझा दिवा बघून त्यांचे हातच जोडले गेले.

“शरणार्थ काकू,” मल्लेशने लिंगायती नमस्कार केला. तोही त्यांच्यातलाच. “बघा, झाली का न्हाई चालू?”

“शरणार्थ बाबा. लागला का गं बाई दिवा! माझ्या लेकीची दैना संपली.” त्या परत वर गेल्या, भस्म घेऊन आल्या आणि तीन बोटांनी माझ्या झाकणावर तीन पट्टे ओढले. मग डोकं टेकलं. मित्रांनो, कुणी तुम्हाला शिव्या दिल्या तर त्या विसरता येतात. असा नमस्कार विसरता येत नाही.

साहेब बाराला आले. व्यंकटराव मुद्दाम डिझेलच्या गाडीतून आले होते. समोरची शटरं अर्धी वर करून आत दोन मोटारसायकली उभ्या केल्या होत्या, पेंडेच्या पोत्यांना टेकवून. साहेबांनी तिकडे एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. माझ्यासमोर येऊन मात्र म्हणाले, “दिवा चालू दिसतोय. पण एकदा गाडी लावून दाखवा.”

“बॅटरीची गाडी तकरार करणाऱ्या ताईकडंच हाय सायेब,” भागवतराव म्हणाले. “आन त्या तर आल्याच न्हाईत.”

“यायलीय सायेब,” गौराबाई पुढे झाल्या. “फोन केलाय मी. थांबा उलसंक.”

चहा आला. मल्लेशच्या खिशात टेस्टर होता. सॉकेटमध्ये घातला असता तर एका क्षणात निकाल लागला असता, पण तो खिशातच राहिला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला. गौराबाईंचा फोन वाजला. तो मल्लेशने त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि जरा बाजूला, माझ्याच जवळ येऊन बोलला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. रेल्वेच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली होती. शिवरंजनी धापा टाकत होती. “सायेबांना थांबवा, मी चालत यायलेय. चार्जर हाय माझ्यापशी, नुसता चार्जर लावला तरी कळतंय.”

“या ताई सावकाश,” मल्लेश गोड आवाजात म्हणाला. “सायेब थांबलेत. काई घाई न्हाई.”

फोन ठेवून तो साहेबांकडे वळला. “त्यांना यायला जमत न्हाई मनायल्यात.”

साहेबांना दोन वाजता दुसरीकडे पोचायचं होतं. त्यांनी पंचनामा लिहिला. तक्रारदाराच्या बाजूने कुणीतरी सही करायला हवं होतं. व्यंकटरावांनी मल्लेशकडे नुसतं पाहिलं.

“काकू, हितं सही करा,” मल्लेश म्हणाला. “ताईचं काम झालं. ही मंजुरी हाय, आजपासून पेटी चालू.”

साहेबांनी शाईची डबी काढली. “अंगठा लावा आजी.”

“अंगठा न्हाई लावायची मी,” गौराबाई ताठ उभ्या राहिल्या. “सही येती मला.”

कागद माझ्या झाकणावर टेकवून त्यांनी सही केली. रोज तिथेच तर लिहायच्या. त्यामुळे त्या कागदावरचा मजकूर मला जवळून वाचता आला. चार्जिंगची सुविधा चालू स्थितीत आढळली, तक्रारदाराच्या आई गौराबाई समक्ष हजर असून त्यांची तक्रार राहिलेली नाही. गौराबाईंना त्यातला एकच शब्द वाचता येत होता, आपलं नाव. ते त्यांनी सावकाश, जीभ दाताखाली धरून लिहिलं. साहेब ‘वा’ म्हणाले. व्यंकटरावांनी टाळी वाजवली. मग सगळे गेले.

शिवरंजनी आली तेव्हा पावणेदोन वाजले होते. पुलापासून इमारत दीड किलोमीटर असेल. कुबडीने काखेत सालटं गेलेलं, ओढणी घामाने भिजलेली, आणि खांद्यावरच्या पिशवीत तो विटेएवढा चार्जर. तिने कुणाला काही विचारलं नाही. सरळ माझ्यापुढे आली आणि चार्जरची पिन सॉकेटमध्ये घातली. चार्जरवरचा लाल दिवा लागला नाही. वरचा माझा हिरवा मात्र मजेत जळत होता.

“दिवा तर लागलाय की गं,” गौराबाई म्हणाल्या.

“सायेब कुटं हायेत?”

“गेले. मंजुरी झाली. मी सही केली ना.” त्यांचा चेहरा फुलला. “लय चांगली आली बघ या टायमाला. एक बी मात्रा सुटली न्हाई.”

शिवरंजनीने आईकडे पाहिलं. तिने कुबडीचं टोक माझ्या झाकणाच्या फटीत घातलं आणि सगळा भार देऊन कुलूप उचकटलं. आत चिकटपट्टीने चिकटवलेला सेल होता, आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची वाळलेली टरफलं. गौराबाई वाकून बराच वेळ आत बघत राहिल्या.

“ह्येच्यावर लागला व्हता दिवा?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“आन मी सही केली.”

“मीच शिकवली तुला,” शिवरंजनी म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मला त्या वेळी भिंतीवरून निसटून तिच्या पायाशी पडावं आणि चुरा व्हावं असं वाटलं. पण मल्लेशने लावलेले स्क्रू पक्के असतात. आमच्या सगळ्या भानगडीत तेवढंच एक काम खरं होतं.

तिने फोटो काढला आणि पुन्हा तक्रार दिली. सोसायटीच्या बैठकीत भागवतरावांनी तो फोटो सगळ्यांसमोर उडवून लावला. “आई मनती चालू हाय, लेक मनती बंद हाय,” ते म्हणाले. “खोटं कोण बोलायलंय ते आधी घरात ठरवा, मग तकरारी करा.” पंधरा घरांतली माणसं हसली. त्यांतल्या सात-आठ जणांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या असतात, कारण त्यांच्या जागेवरही शटरं आहेत. तरी ती हसली. इतरांच्या फजितीत आपली फजिती विसरायला होतं, एवढं मी त्या संध्याकाळी शिकले.

लाल वायर परत लागली नाही. शिवरंजनी रिक्षाची वाट बघत रस्त्यावर उभी राहू लागली. सकाळच्या घाईत कुबडीवाल्या बाईला चढवून घ्यायला कुणी थांबत नसे. दहाचे साडेदहा, साडेदहाचे अकरा. पंधराव्या दिवशी सेतूची खिडकी दुसऱ्याला दिली गेली. स्कूटर माझ्यासमोर उभी राहून धूळ खाऊ लागली. मी रिकामी, ती रिकामी. आम्ही एकमेकींकडे बघत बसायचो.

मग एक दिवस पोस्टमन आला. शिवरंजनी कामाच्या शोधात परभणीला गेली होती. गौराबाई खालच्या पायरीवर बसल्या होत्या. दुसऱ्या तक्रारीचं उत्तर रजिस्टरने आलं होतं. पोस्टमनने कागद पुढे केला आणि पेन दिला.

“सही करा काकू.”

गौराबाईंनी पेन घेतला नाही. “अंगठा लावते,” त्या म्हणाल्या.

“मागल्या बारीला तर झकास सही केलती की तुमी!”

“इसरले बाबा.”

पोस्टमनने डबी काढली. गौराबाईंनी स्वतःच अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला, चांगला जोर देऊन. मग पाकीट मांडीवर ठेवून बसून राहिल्या. लेक आल्यावर तिने ते फोडलं आणि मोठ्याने वाचलं. पंचनामा पाहता तक्रारीत तथ्य नाही, प्रकरण बंद करण्यात येत आहे. सोबत पंचनाम्याची झेरॉक्स होती. खाली ‘गौराबाई’ असं टपोरं नाव, दोन्ही मात्रांसकट. शिवरंजनीने ती झेरॉक्स घडी करून पिशवीत ठेवली. गौराबाई तिच्याकडे न बघता पदराने अंगठा पुसत होत्या. ती शाई लवकर जात नाही.

त्याच आठवड्यात मल्लेशने माझे चार स्क्रू काढले. भिंतीवर आता चार भोकं आहेत. माझी तिथली गरज संपली होती, आणि स्टेशनच्या बाजूला व्यंकटरावांची दुसरी इमारत तयार झाली होती. तिथे मी आता लिफ्टच्या शेजारी आहे. माझ्यासमोर फरशीवर पिवळ्या खुर्चीचं ताजं चित्र आहे. झाकणाला नवं कुलूप आणि आत नवा सेल आहे. दाखला मिळेपर्यंत मी इथे असेन, मग शटरं बसतील आणि मी तिसरीकडे जाईन. मल्लेशने मला पुसलं, पण कोपऱ्यात भस्माचे तीन पट्टे पुसट राहिले आहेत. परवा फ्लॅट बघायला आलेल्या एका गृहस्थांनी ते काय आहे असं विचारलं. मल्लेश म्हणाला, “कंपनीची खूण हाय ती.” गृहस्थांनी मान डोलावली, माझ्या हिरव्या दिव्याचा फोटो काढला आणि वर फ्लॅट बघायला गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या कहाणीच्या शेवटी म्हणतात की आमची नीट काळजी घ्या, आम्हाला पुसा, जपा. माझं तसं काही मागणं नाही. मला पुसू नका, उलट ते तीन पट्टे राहू द्या. तुमच्या आईवडिलांबरोबर नवं घर बघायला याल तेव्हा एवढंच करा. दिवा बघून थांबू नका. चार्जर सोबत आणा, सगळ्यांसमोर माझ्यात पिन घाला आणि लाल दिवा लागतो का ते बघा. लागणार नाहीच. मग मोठ्याने विचारा, का लागत नाही म्हणून. मला लाज वाटेल. ती मला वाटू द्या, कारण या इमारतीत ती आणखी कुणाला वाटेल असं दिसत नाही.